आईची पोवळ्यांची माळ

वॉर्सा, फेब्रुवारी १९३४

ती. अक्कास महालिंगचा दुरून नमस्कार.

खोकला आता कमी आहे. दाजींचा ताप उतरला का?

आईमागे तिच्या माळेवरून तू आणि रुद्राणी, सख्ख्या बहिणी, भांडलात, आता माळच सोनाराकडे आटवायला निघालीय, हे तुझ्या पत्रात वाचलं. आटवायची नाही!

सोन्याचे मणी सम संख्येत आहेत, पोवळीही. माळ ताटात गोल मांडा. सलग अर्धे मणी तुझे, उरलेले तिचे. तुझ्याकडे पोवळी जास्त आली, तर तुझा भाग एकेक मणी पुढे सरकव, मागचा एक सोड, पुढचा एक घे. अर्धा फेरा झाला की तुझा भाग तिचा होतो, म्हणजे तुझी पोवळी कमी. एका वेळी फार तर एकच पोवळं वाढतं-घटतं, म्हणून मध्ये कुठेतरी बरोबरी येणारच. अशाच उलटापालटीचं गणित मी इथे शिकतोय.

जागा सापडेल, ही माझी हमी. मग समोरासमोर बसून ठरवा, कात्री कोणी लावायची.

तुझा धाकटा,
महालिंग