वाजणारी फळी

चिकपेट, बेंगळूरु
पितृपंधरवड्यातला मंगळवार

तीर्थस्वरूप श्रीधरकाकांच्या चरणी पुतण्या मल्हारचा दंडवत.

इकडे सर्व क्षेम आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. तुमचा गुडघा कसा आहे? तुमची मुग्धा म्हणत होती, की हल्ली तुम्ही कठडा न धरता जिना उतरता. धरत जा. होसकोटे काही सातासमुद्रापार नाही. बसमध्ये बसलो असतो तर समोर येऊन बोलता आलं असतं, आणि फोन तर खिशातच असतो. पण काका, समोर तुमचा चेहरा असतो आणि फोनवर तुमचा ‘हं’ असतो. तो ‘हं’ ऐकला की मी पन्नाशीतही पाय जुळवून उभा राहतो. पत्राला ना चेहरा ना ‘हं’, म्हणून पत्र. (पितृपंधरवड्यात शुभकार्याला हात घालू नये म्हणतात. हे त्यात मोडत नाही, निश्चिंत असा.)

विषय दुकानातल्या फळीचा आहे. म्हणजे तीच, जिच्यावर तुम्ही उभा जन्म कापड मोजलंत, जिच्यात मापाचे दोन पितळी खिळे तुम्ही स्वतःच्या हातानं ठोकलेत आणि जिला कुंकू लावायला दर खंडेनवमीला तुम्ही होसकोट्याहून येता. (कोणाला काय सांगतोय मी!) त्या फळीकडे येतोच. फक्त वाट जरा राजाजीनगरवरून जाते.

कॉलेजात मी गिटार वाजवायचो हे तुम्हाला आठवत असेल. नक्कीच आठवत असेल, कारण ती माळ्यावर तुम्हीच टाकली होतीत. यंदा माझा पन्नासावा वाढदिवस झाला, तेव्हा स्मिता म्हणाली, आयुष्यभर साड्याच उलगडल्यात, आता एखादी हौस करा. तिला वाटलं मी काशीला जाईन. मी राजाजीनगरला गेलो. तिथे वेणुगोपाल म्हणून एक जण मापावर गिटार बनवून देतो, शिंप्याकडे सफारी शिवायला टाकावा तशी. इलेक्ट्रिक गिटार ही आपल्या माळ्यावरच्यासारखी पोकळ नसते. तिचं अंग भरीव लाकडाचं असतं आणि आवाज विजेच्या पेटीतून मोठा होऊन येतो. वेणुगोपालनं पहिलाच प्रश्न केला, अंगाला लाकूड कुठलं? आणि मग स्वतःच तासभर उत्तर दिलं. अमुक लाकडाचा आवाज गोड, तमुकचा कोरडा, साग म्हणजे नुसतं वजन, आणि आंबा म्हणजे आंबाच. चांगलं लाकूड ओळखायची खूण त्यानं एकच सांगितली : बोटाच्या पेरानं ठोकायचं, वाजलं तर घ्यायचं. मोठा दिलदार माणूस आहे, पण बोलण्यात त्याचं लाकूड जरा जास्तच वाजतं.

झालं, मी ठोकत सुटलो. ज्याला डोळे मिटून हातमाग आणि यंत्रमाग ओळखता येतो, त्याला लाकूड काय जड, असा माझा ताठा. स्मिताचा पोळपाट ठोकला, देवघराची चौकट ठोकली, मेट्रोत शेजारच्या माणसाच्या कॅरमबोर्डाला हात घातला. वरच्या मजल्यावरच्या शिल्पाश्रीच्या दाराचं लाकूड फार सुरेल निघालं. पण दाराची अडचण अशी, की ते ठोकलं की कोणीतरी उघडतं. पहिल्यांदा मी पाणी आलं का विचारलं, दुसऱ्यांदा पेपर आला का विचारलं. तिसऱ्यांदा काही सुचेना, तेव्हा तिनंच वाटीभर साखर आणून हातात ठेवली आणि ‘स्मिताक्का बऱ्या आहेत ना?’ असं फार हळुवारपणे विचारलं. साखर घेऊन मी खाली आलो. ती परत करायलाही दार ठोकावं लागेल म्हणून अजून केलेली नाही.

मग वेणुगोपालनंच सांगितलं, की परदेशी लाकूड पाहायचं असेल तर तुमच्या होसकोट्याच्या औद्योगिक वसाहतीत एक वखार आहे. हो काका, श्रावणात मी तिथे येऊन गेलो आणि तुमच्याकडे आलो नाही. तुमच्या घरावरून रिक्षा दोनदा गेली. तुम्ही व्हरांड्यात बसून वाटाणे सोलत होतात आणि मी रिक्षात वाकून चपलेचा पट्टा नीट करत होतो. (चपलेला पट्टा नव्हता.) जाताना वाकलो तो नुसता घाईमुळे. येताना वाकलो त्याचं कारण सांगायलाही लाज वाटते, पण आता सुरुवात केलीच आहे. वखारीत त्यांनी मला एक फिकट रंगाचं, हलकं, अगदी उंची लाकूड दाखवलं. मी ते ठोकलं, वाजलं. वास घेतला. रंग जाईल का, विचारलं. कटपीस मिळेल का, विचारलं. आणि मग तुम्हीच लावलेली सवय! माल अस्सल आहे की नाही हे तुम्ही मला एकाच रीतीनं शिकवलंय. रेशमाचा धागा जाळायचा, वास केसासारखा आला तर रेशीम. मी त्या लाकडाची एक ढलपी काढली आणि काडी ओढली. वखारीत, काका. चारी बाजूंनी छताला भिडलेल्या लाकडांच्या मधोमध. त्या लोकांनी मला धरून बाहेर काढलं ते योग्यच केलं. मी त्यांच्या जागी असतो तर बादलीभर पाणीही ओतलं असतं.

त्या दिवशी अपमान गिळत दुकानात आलो, तुमच्या जागेवर गादीवर बसलो आणि निराश होऊन हात खाली टाकला. हात फळीवर पडला, आणि फळी वाजली. काय वाजली म्हणून सांगू! देवळातल्या नगाऱ्यासारखी घुमली. मी पुन्हा ठोकलं, पुन्हा तेच. जिला मी गावभर शोधत होतो ती माझ्याच मांडीपाशी होती. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तो हाच. वेणुगोपालला बोलावलं. त्यानं डोळे मिटून दहा ठिकाणी ठोकलं आणि म्हणाला, “हलसिन मर, सर! फणस! वीणा ह्याचीच करतात. एवढं जुनं आता कुठे सिगतं, कुठे मिळतं, सर?” तंजावरी वीणेचं लाकूड! म्हटलं, फळी नाहीशी थोडीच होणार आहे, सरस्वतीच्या हातात जाणार आहे. माणूस पापाला आधी देवाचंच नाव शोधतो, हे मला त्या वेळी कळायला हवं होतं. नोकरांना मी सांगितलं, पॉलिशला चाललीय. स्मितालाही तेच सांगितलं. आणि चार दिवसांनी तुम्ही फोनवर, “फळी कशी आहे रे?” असं सहज विचारलंत, तेव्हा तुम्हालाही तेच सांगितलं.

तुमचा ‘हं’ त्या दिवशी आला नाही. तुम्ही म्हणालात, “माझ्यानंतर तिची कोणी काळजी घेईल असं वाटलं नव्हतं.” आणि मुग्धाबरोबर जवसाच्या तेलाची बाटली पाठवलीत, पुसायला तुमच्या जुन्या मऊ धोतराचा तुकडाही. तेल मी लावलंय काका, शपथेवर सांगतो, धोतराच्याच तुकड्यानं लावलंय. पण तोवर तिला कंबर आणि दोन शिंगं आली होती.

कारण वेणुगोपालकडे फळी रुंदीला कमी पडली. म्हणून त्यानं ती मधोमध कापली, दोन्ही तुकडे शेजारी शेजारी चिकटवले आणि आकारात कोरले. खिळे करवतीला लागतील म्हणून आधीच उपटून पुडीत बांधून मला परत दिले. उरला तो भुसा, पिवळाधमक, हळदीसारखा. कोरून झाल्यावर आम्ही दोघांनी मोठ्या उत्साहानं ठोकून पाहिलं, तर आवाज आला ‘थप्प’. ओल्या गव्हाच्या पोत्यावर चापट मारावी तसा. वेणुगोपालनं माझ्याकडे पाहिलं, मी वेणुगोपालकडे. फळी कधी वाजतच नव्हती, काका. वाजत होता तो तिच्या खालचा पोकळ खोका, ज्यात तुम्ही कात्री आणि दोऱ्याची रिळं ठेवायचात. दोन शहाणी माणसं डोळे मिटून खोक्याला दाद देत होती! गिटार मात्र झाली. वजन पाट्या-वरवंट्याचं आहे, गळ्यात अडकवून उभं राहता येत नाही. मांडीवर घेतली की पाय झोपतो. मी एक गाणं वाजवलं. स्मिता म्हणाली, दार लावून घ्या.

इथवर नुसता मूर्खपणा होता. लाज पुढे आहे. फळी गेल्यापासून आम्ही बाजारातल्या स्टीलच्या मीटरपट्टीनं कापड मोजतो, एका दोऱ्याचा फरक नाही. आणि गेल्या आठवड्यात पुष्पावती अक्का आल्या (त्याच, तुमच्या वेळच्या, ज्या आजही फक्त आपल्याकडूनच ब्लाऊजचं कापड नेतात). भर गिऱ्हाइकात म्हणाल्या, “मल्हारण्णा, श्रीधररावांच्या हातचं मीटर बाहीला पुरायचं. तुमचं पुरत नाही. दुकान स्वल्प आखूड झालंय का रे?” मी पट्टी दाखवली. त्यावरचा सरकारी शिक्का दाखवला. त्या मान हलवत म्हणाल्या, “सरी, सरी,” आणि कापड न घेताच उठल्या. त्यांच्या मागून आणखी दोघी तेच बोलून गेल्या. रात्री कुलूप लावताना माझ्या डोक्यात प्रकाश पडला. खिळा तुम्ही मुद्दामच मीटरच्या पुढे ठोकला होता. चार बोटं, की पाच? एवढी वर्षं प्रत्येक गिऱ्हाइकाला, न सांगता. मला, पुतण्यालाही, न सांगता. तीस वर्षं मी त्याच खिळ्यांवर कापड ताणलं आणि दुकानात बरकत आहे ती माझ्या गोड बोलण्यामुळे, असं समजत राहिलो. काका, मला फार लाज वाटते. याहून वेगळं काही लिहिता येत नाही.

तुमचा ‘हं’ इथवर ऐकू आला. प्रकृतीला जपा, मुग्धाला आशीर्वाद, आणि माझा काय तो निवाडा तुमच्या सवडीनं करा.

आपला, पाय जुळवून उभा असलेला,
मल्हार

ता. क. खंडेनवमीला यायची दगदग करू नका, गुडघा दुखेल, असं सांगण्यासाठी खरं तर हे पत्र लिहायला घेतलं होतं. ते रद्द. कृपया या. मी स्वतः न्यायला येतो, आणि या वेळी रिक्षात ताठ बसून येतो.

ता. क. २ पूजेत गिटार मांडायची की नाही ते तुम्ही ठरवा. फणस तोच आहे, तेल तुमचंच आहे. पण तिला कुंकू लावताना तुम्ही माझ्याकडे पाहिलंत तर मी काही तिथे थांबू शकणार नाही.

ता. क. ३ खरी विनंती ही. नवी फळी आणून बसवली आहे, कोरी आहे. खिळे त्याच पुडीत आहेत, पितळ घासून ठेवलंय. कुठे ठोकायचे ते जुन्या फळीला ठाऊक होतं आणि तुम्हाला आहे. हातोडी मी देतो, ठोका तुम्ही. किती पुढे ते मला सांगू नका. कळलं तर एखाद्या मंदीच्या वर्षी मी खिळा मागे घेईन, मी मला ओळखतो.

ता. क. ४ नवी फळी घेताना ठोकून पाहिलेली नाही.