मामांच्या रायफलीच्या पोटात काय निघालं

लांगमिरा, लाकूडगिरणीमागची खोली
मुसाच्या शिकारीचा दुसरा आठवडा

तीर्थरूप राग्नवाल्डमामांस, भाचा सिक्स्टनचा वाकून नमस्कार. (खरोखरच वाकलेला आहे. कंबर कालपासून सरळ होत नाही, त्याचं कारण पुढे येईल.) आपला गुडघा कसा आहे? आस्तामामींचं मधमाश्यांशी झालेलं भांडण मिटलं का? मेंढ्या, बोट आणि शेजारचा तो भुंकणारा म्हातारा कुत्रा खुशाल असतील अशी आशा करतो. कुत्र्याची चौकशी मी उगीच केलेली नाही, तेही पुढे येईल.

पत्रास कारण तुमची रायफल. देताना तुम्ही म्हणाला होतात, ही कधी अडकत नाही, अडकलीच तर समज की तू अडकलास. मामा, तुमचा पूर्ण मान राखून सांगतो, ती अडकली. एकदा नाही, दोनदा. आणि दोन्ही वेळा समोर मूस उभा होता. (आपल्या बेटावर पडकी सफरचंदं खाऊन झिंगतात ते मूस वेगळे. इथली ही दांडगी हरणं घोड्याहून उंच असतात आणि पूर्ण शुद्धीवर असतात.)

आता तुम्ही म्हणाल, दोनदा अडकली तर अडकली, पोरगं कुठेतरी टिकलंय कधी? बरोबर आहे. मासळीच्या कारखान्यात मला वास सहन झाला नाही, फेरीबोटीवर कप्तान सहन झाला नाही, आणि शाळेत मास्तरांना मी. पण इथे मला राहायचंय. का ते नीट सांगता येत नाही. पण इथे नुसतं गिरणीत काम करून कुणी गावचा होत नाही. शिकारीच्या टोळीत घेतलं की होतो. मग लोक नाव घेऊन हाक मारतात, मांसाचा वाटा घरी येतो, आणि बर्फ पडला की दार उघडतंय का म्हणून कुणीतरी डोकावून जातं. तोवर तुम्ही फक्त ‘गिरणीतला तो’. यंदा मला परीक्षेवर घेतलंय. ठेवायचं की घालवायचं हे ठरवणार गुनवरबाई.

गुनवरबाई टोळीच्या म्होरक्या. वय साठीच्या पुढे, मनगटं सुताराची, आवाज करवतीचा. कुणी कुठल्या मचाणावर बसायचं हे त्या सांगतात आणि सगळे पुरुष माना हलवतात. नवरा एलोफ कुत्रा घेऊन रानात फिरतो आणि बोलत नाही. कुत्र्याचं नाव बुस्से. शिकारी कुत्रा असून तो पिंपासारखा जाड का, हे कोडं मला पहिल्या दिवशीच पडलं होतं. तर गुनवरबाईंचा नियम असा, की पहाटे टोळीच्या झोपडीतून निघताना प्रत्येकाच्या हातात त्यांनी स्वतः भाजलेला वेलचीचा गोड पाव पडायचा. नको म्हणायची सोय नाही. वरून पाकाचा जाड थर, आत मनुका, आणि त्या दोहोंच्या मधे, मामा, मला वाटतं सिमेंट. पहिल्याच घासाला माझी अर्धी दाढ त्या पावात राहिली. आणि मचाणावर चढून बसतो न बसतो तोच वॉकीटॉकीवर बाईंचा आवाज, “पाव खाल्ला का सगळ्यांनी?” (वॉकीटॉकीवर मुसाखेरीज दुसरं बोलायचं नाही हाही त्यांचाच नियम.) एकेक जण म्हणतो, “खाल्ला, फार छान.” मीही म्हणालो. दाढ खिशात ठेवली आणि पावही.

त्याच सकाळी पहिला मूस आला. मी गोळी झाडली, चुकली, आणि पुंगळी काढायला बोल्टचा दांडा मागे ओढला. तुम्हीच शिकवलं होतं ना, म्हातारी रायफल आहे, हळुवार वागव? मी इतक्या हळुवारपणे ओढला की तो अर्ध्यावरच थांबला. रिकामी पुंगळी बाहेर पडली नाही, मागून नवं काडतूस आलं, आणि दोघं एका दारात अडकलेल्या व्याह्यांसारखी एकमेकांना वाट देईनात. मूस माझी खटपट पाहत उभा राहिला. पाहून कंटाळला, तेव्हा गेला. शेजारच्या मचाणावरून हालवार ओरडला, “काय रे बेटकर, बंदूक चालवतोस का बाळाला झोका देतोस?” (हालवार गिरणीत माझ्या शेजारी काम करतो आणि असलंच बोलतो.) संध्याकाळी एलोफने न बोलता माझा हात धरून बोल्ट पार शेवटपर्यंत, खट्ट होईस्तोवर मागे ओढून दाखवला. तेव्हा ही पहिली चूक, मामा, निम्मी माझी आणि निम्मी तुमच्या शिकवणीची.

दुसरी चूक मात्र मी रायफलीवरच ढकलणार होतो. चार दिवसांनी कडक गारठा पडला होता, माझ्या समोरच्या दलदलीत मूस येऊन आडवा उभा राहिला. पहिली गोळी पुन्हा चुकली (त्याची चर्चा नको), पण बोल्ट मी असा ओढला की मचाण हललं. पुंगळी टणकन बाहेर. बोल्ट पुढे, चाप ओढला, आणि नुसतं टिक्. पुन्हा बोल्ट मागेपुढे केला, चाप ओढला, पुन्हा टिक्. आत काडतुसं दिसत होती, पण वर येईनात. खाली बसूनच राहिली होती, सभेत प्रश्न विचारल्यावर बसून राहतात तशी. मुसाने जाताना माझ्याकडे पाहून मान डोलावली असं हालवार सांगतो. तो खोटं बोलतो, पण गावभर झालं.

दुपारी झोपडीत सगळे कॉफीला जमले. गुनवरबाईंनी टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि म्हणाल्या, “आण इकडे. रायफल वाईट असली तर घरी पाठवू, पोरगं वाईट असलं तर पोराला.” त्यांनी मॅगझिनचं खालचं झाकण उघडलं. काडतुसं पडली नाहीत. बाईंनी सुरीने टोकरली तेव्हा चिकट दोरा ओढत ती बाहेर आली, मग काडतुसं वर ढकलणारी पट्टी, मग स्प्रिंग, आणि स्प्रिंगच्या वळशात एका तपकिरी गोळ्यात रुतलेला एक मनुका. बाईंनी बोटाने तो तपकिरी गोळा चाटून पाहिला. मामा, सगळ्यांनी कॉफीचे कप खाली ठेवले.

“वेलची आहे,” त्या म्हणाल्या. “हा माझा आहे.”

झालं होतं असं, की रोजचे पाव मी त्याच खिशात कोंबत होतो ज्यात काडतुसं होती. पाक काडतुसांना लागला, काडतुसांबरोबर आत गेला, आणि गारठ्यात दगड झाला. मला वाटलं, संपलं, बोचकं बांधा. मी खिशातून दाढेचा तुकडा काढून बाईंपुढे ठेवला. पाव का खात नव्हतो याचा माझ्याकडे तेवढाच पुरावा होता. हालवार म्हणाला, “बाईंनी एवढ्या प्रेमाने दिलेलं बंदुकीला भरवलंस, लाज नाही वाटत?” आणि नेमका तेव्हाच बुस्से उठला. त्याने आधी स्प्रिंग चाटून स्वच्छ केली. मग तो हालवारच्या डाव्या खिशाशी जाऊन शहाण्यासारखा बसला. मग त्याच्या शेजारच्याच्या. असा एकेकाच्या डाव्या खिशाशी बसत, रोजची फेरी असल्यासारखा, तो शेवटी एलोफपुढे गेला, आणि तिथे तर पुढचे दोन्ही पाय वर करून उभा राहिला.

“एलोफ?” बाई म्हणाल्या. “तूसुद्धा? आपलं लग्न झाल्यापासून?”

एलोफ त्या आठवड्यात पहिल्यांदाच बोलला. “कुत्र्याला फार आवडतात गं.”

बाईंनी स्प्रिंग पुसली, पट्टी बसवली, बोल्ट दोनदा ओढून पाहिला आणि रायफल माझ्यापुढे सरकवली. म्हणाल्या, “रायफल चांगली आहे. या खोलीत खोटं न बोलणारी ती एकटीच. बेटकर, पुढच्या सालीही तू ये. पण पाव आता तू आणायचे.” आणि बाहेर जाऊन लाकडं फोडू लागल्या. बराच वेळ फोडत होत्या.

काल मूस आला. पहिली गोळी (असो). बोल्ट खट्ट मागे, खट्ट पुढे, दुसरं काडतूस शहाण्यासारखं वर आलं आणि मूस जागेवर पडला. दलदलीच्या बरोब्बर मधोमध. त्याला बाहेर ओढताना माझी कंबर गेली, पण सगळे मला सिक्स्टन म्हणून हाका मारत होते. ‘ओढ रे गाढवा सिक्स्टन’ असं, पण नाव होतं.

तुमच्या रायफलीबद्दल वर जे वाकडं लिहिलं ते खोडत नाही, कारण पानं पुन्हा लिहायचा कंटाळा आहे. खोडलं असं समजावं. मामींना व मेंढ्यांना नमस्कार.

तुमचा आज्ञाधारक (बोल्टपुरता नाही),
सिक्स्टन

ता. क. मामींकडून दालचिनीच्या पावाची कृती लिहून घ्यावी. पीठ किती, लोणी किती, सगळं. ‘अंदाजाने’ असं लिहिलेलं मला कळणार नाही.

ता. क. दुसरा. या पत्रासोबत डबा येतोय. गुनवरबाईंनी तुमच्यासाठी पाव भाजले आहेत. “एवढी चांगली रायफल राखणारा माणूस खाणं जाणत असेल,” म्हणाल्या. झोपडीतल्या त्या दिवसापासून त्या कुणाला ओरडलेल्या नाहीत. मचाणावर सकाळी वॉकीटॉकी गप्प असतो, आणि मामा, आम्हाला कुणालाच ते बरं वाटत नाहीये. तेव्हा पाव खपवायला शेजारचा कुत्रा जिवंत असेल तर ठीक, पण बाईंना स्वतःच्या हाताने दोन ओळी लिहाव्यात. मला नको, त्यांना.

ता. क. तिसरा. दोन ओळी खऱ्या लिहाव्यात, कारण खोटं त्या आता लगेच ओळखतात. म्हणजे एक तरी खावाच लागेल. काल एलोफने त्यांच्यासमोर बसून अख्खा खाल्ला. कॉफीत बुडवून, स्वयंपाकघरातलं घड्याळ बघत बघत धरून ठेवायचा, मग बरा लागतो. खरंच बरा लागतो. डाव्या दाढेने चावू नये.