सावकाश ओढणारा माणूस

दि. ९ ऑक्टोबर

तीर्थरूप आईंना,

शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र येऊन बरेच दिवस झाले आणि उत्तर लिहायला आज बसतेय. रागावू नका. दुकानात नवा माल आला होता आणि मालकांच्या कमरेनं पुन्हा संप पुकारलाय, त्यामुळे खोकी उतरवण्यापासून गल्ला बंद करण्यापर्यंत सगळं माझ्याच अंगावर पडलं. तुमचा पाय कसा आहे? खालच्या शिंपीणबाई भाजी आणून देतात हे वाचून जिवात जीव आला. जिना उतरताना कठडा सोडू नका. वळणावर उजेड नसतो.

इकडे थंडी सुरू झाली. माझ्या खोलीची खिडकी नीट लागत नव्हती, फटीत कागद कोंबलाय. माझी तब्येत ठणठणीत आहे.

कामाचं म्हणाल तर डॉक्टरांनी मालकांचा धूर बंद केल्यापासून तंबाखू ओढून पारखायचं काम माझ्याकडे आलंय. तुमच्यापासून आता काय लपवायचं? तुमच्या घरी असताना मी गच्चीवर कपडे वाळत घालायला जायचे, तेव्हा चार कपड्यांना फारच वेळ लागायचा. ते तुमच्या लक्षात आलं नसेल असं मी कधीच धरलं नाही. एकदा मला खोकला झाला तेव्हा “गच्चीवर वारं फार असतं हो” एवढंच म्हणालात.

तर मागच्या आठवड्यात एक तंबाखू पारखला. नदीपलीकडे जुनाट आजाराच्या माणसांसाठी एक घर आहे. तिथल्या सिस्टर एका गृहस्थांचा पाईप घेऊन आल्या. नळी चावून चावून भोक पडलेलं, ती बदलून हवी होती. सोबत पत्र्याच्या साध्या डबीत तळाला थोडा तंबाखू. डबीवर नाव ना गाव. असाच आणखी द्या, म्हणाल्या. असाच म्हणजे कसा, ते ओढल्याशिवाय कसं कळणार?

हलका, व्हर्जिनिया जातीचा निघाला. रंग पिवळसर, मधेमधे तांबूस, कापणी बारीक. वास उन्हात वाळलेल्या गवताचा आणि त्याच्यामागे लिंबाच्या सालीचा जरासा. पेटवल्यावर पहिले झुरके पाणचट लागतात. माणसाला वाटतं यात काही दम नाही, म्हणून तो जोरात ओढायला जातो आणि तिथेच फसतो, कारण घाई करणाऱ्याची जीभ हा तंबाखू पोळून काढतो. जवळजवळ विसरल्यासारखा ओढला, तर पाईपचं भांडं अर्धं झाल्यावर गोडी वर येते, ताज्या पावाच्या कवचासारखी, आणि मग ती शेवटपर्यंत सोडत नाही. वरून अत्तर मारलेलं नाही, काही झाकलेलं नाही. मालकांनी नुसता वास घेतला आणि म्हणाले, हा धीराच्या माणसाचा तंबाखू.

आता नळीचं. आपल्या ह्यांचा वरचा डावा सुळा लिफ्ट दुरुस्त करताना साखळी लागून तुटला होता, आठवतं ना? त्या फटीत पाईप अडकवून दोन्ही हात मोकळे ठेवायची त्यांना सवय. नळीवर दोन बाजूंना दातांचे खड्डे पडायचे आणि मधे गुळगुळीत उंचवटा राहायचा. या नळीवर तसाच उंचवटा आहे, डाव्या अंगाला.

मी सिस्टरना सहज म्हणून विचारलं. गृहस्थ मोठ्या इस्पितळातून तिथे आले. झटका आला होता, उजवी बाजू गेलीय, बोलणं अडखळतं. कागदावरचं नाव त्यांच्या पुटपुटण्यातून कुणीतरी अंदाजानं लिहून घेतलेलं. भेटायला कुणी येत नाही. वय ह्यांच्याच आसपास असेल.

लगेच काही मनात आणू नका. कामाला म्हणून निघालेला माणूस परतच आला नाही की सगळं शहर त्याच्यासारखं दिसायला लागतं, हे आपल्या दोघींना कुणी शिकवायला नको. कुणाची चाल तशी, कुणाची टोपी तशी. या वेळी सुळा, एवढंच. आणि पाईप तर उलटीच साक्ष देतोय. हे ओढायचे काळा, उग्र माल. हलक्या व्हर्जिनियाला “गुरांचा चारा” म्हणायचे. पेटवायची एवढी घाई की भांड्याचा काठ जळून जायचा, तळाशी ओला गाळ राहायचा आणि तो खिडकीच्या चौकटीवर आपटून काढायचे. तुम्ही आतल्या खोलीत दचकायचात. या पाईपचा काठ स्वच्छ आहे. आतला काजळीचा थर तळापर्यंत सारखा, कोरडा. हा माणूस वर्षानुवर्षं सावकाश ओढत आलाय. आपल्याकडच्या माणसाला ते जमलं नसतं. शिकवणारी कुणी भेटली असती तर गोष्ट वेगळी.

नळी घासून बसवली आणि पाईप पोचवायला मी स्वतःच गेले. गृहस्थ झोपले होते, चेहरा नीट दिसला नाही. पाईप सिस्टरकडे देऊन परत आले. तेव्हा लिहिण्यासारखं विशेष काही नाही.

गुडघ्याला शेक घेत जा. पत्राची वाट बघते.

आपली आज्ञाधारक सून


दि. १६ ऑक्टोबर

चि. सूनबाईस,

अनेक आशीर्वाद.

हात कापतो, अक्षराला हसू नकोस. शिंपीण म्हणाली मी लिहून देते, पण हे तिच्या हातून लिहून घेण्यासारखं नाही.

तंबाखूवर पानभर लिहिलंस आणि माणसावर दोन ओळी. मी म्हातारी झाले, खुळी नाही. झोपलेल्या माणसाचा चेहरा उलट नीट दिसतो. तो हलत नाही, नजर चुकवत नाही, वसकन अंगावर येत नाही. तू आत गेलीच नाहीस. दारातून परत फिरलीस.

मी रागावले नाही. तू मला खोटं लिहिलंस याचा राग यायला हवा होता, तो काही आला नाही. का, ते सांगते.

आमच्या जिन्यावर संध्याकाळी पाऊल वाजतं. तुला ठाऊक आहे, तो गेल्यावर मी कितीतरी वर्षं त्या पावलासाठी हातातलं टाकून धावायचे. वरच्या मजल्यावरचा कारकून असायचा, नाहीतर दूधवाला. तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा धावायचे. तू मला हे घर सोडून तिकडे ये म्हणून इतक्यांदा लिहिलंस आणि मी दर वेळी एकच उत्तर दिलं, की तो आला आणि दाराला कुलूप बघून गेला तर? लोक म्हणाले, आईची माया. मीही तेच म्हणत आले.

हल्ली पाऊल वाजलं की मी उठत नाही. गुडघ्याचं निमित्त सगळ्यांना सांगते. खरं म्हणजे दिवा मालवते आणि ते पाऊल दारापुढून वर जाईपर्यंत श्वास धरून बसते. आणि ते वर गेलं की मला हायसं वाटतं. पोटच्या पोराच्या पावलाला भिणारी बाई कसली आई, हे मी माझं मलाच विचारते. पाऊल मात्र रोज येतं. कारकून घर बदलून गेला, दूधवाला आता सकाळचा येतो. मग हे कुणाचं, ते मी शिंपिणीला विचारलेलं नाही. तिला ऐकू येत नसलं तर काय करू?

तेव्हा तू जा. तोंड बघ. असला तर असला, नसला तर नसला, पण ही अशी अधांतरी लटकलेली संध्याकाळ मला आता पुरे झाली. मग मला लिही. या वेळी तंबाखूचं नाही लिहिलंस तरी चालेल.

गच्चीवर वारं असतं हे मी तुला आडून म्हटलं होतं. ह्या वयात सरळ म्हणते, बाई, कमी ओढ.

तुझी आई


दि. २९ ऑक्टोबर

ती. आईंना,

साष्टांग नमस्कार.

ते हे नव्हेत. हे आधी लिहिते, म्हणजे पुढचं तुम्हाला शांतपणे वाचता येईल. पाणी प्या आणि मग वाचा.

तुम्ही लिहिलंत ते अक्षरशः खरं होतं. पहिल्या वेळी मी वरच्या मजल्यावर गेले. खोलीचं दार उघडं होतं. खिडकीकडे तोंड करून एकजण खुर्चीत बसला होता, माझ्याकडे पाठ. खांदे तसेच. मान डावीकडे किंचित कललेली, तशीच. मी उंबऱ्यात पाईपची पुडी हातात घेऊन उभी राहिले आणि माझ्या मनात आनंद म्हणून आला नाही, आई. आधी आलं की आता पुन्हा दारं आपटणार. नंतर आलं की ह्याला सावकाश ओढायला कुणी शिकवलं? मला जे जमलं नाही ते तिला कसं जमलं? जी बाई असेल की नसेल, तिच्याबद्दल मला मत्सर वाटला. आणि मग मी म्हटलं, देवा, हे नसोत. मोठ्यानं नाही, पण ओठ हलले. मी पुडी सिस्टरच्या टेबलावर ठेवली आणि जिना उतरून आले.

त्यानंतर झोप अशी लागली नाही. हे आहेत असं धरलं तर मी त्यांना तिथे टाकून आले होते. नाहीत असं धरलं तर मग इतकी वर्षं मी कुणाची वाट बघतेय? कारण त्या उंबऱ्यात मला कळलं होतं की मी वाट बघत नाहीये. मी पहारा देतेय.

तुमचं पत्र आलं नसतं तर मी गेले नसते. रविवारी गेले. त्यांच्या डबीतल्या तंबाखूला आमच्याकडच्या दोन मालांचं मिश्रण जुळवलं होतं, ते बरोबर घेतलं.

या वेळी मी थेट खुर्चीच्या पुढे जाऊन उभी राहिले. परका माणूस. डोळे घारे, कपाळ मोठं, आणि ह्यांच्यापेक्षा बराच वयस्क. हसला तेव्हा डावा सुळा नव्हता. बाकी काहीच तसं नव्हतं. पाठीमागून दिसलेले ते खांदे समोरून कुठे गेले, मला समजलं नाही.

त्यांनी डाव्या हातानं स्टूल दाखवलं. मी दुकानातून आलेय म्हटल्यावर चेहरा उजळला. उजवा हात चालत नाही, म्हणून पाईप मीच भरला. खाली सैल, वर जरा घट्ट. काडी धरली. तुम्ही बघायला हवं होतं. ओढतोय असं वाटतच नाही. बराच वेळ ते खिडकीबाहेर बघत राहिले, धूर आपला आपण येत होता. अर्धं भांडं झालं. मग मी विचारलं, कसा आहे?

त्यांनी शब्द एकेक करून जुळवले. “जवळचा आहे,” म्हणाले. “पण तोच नाही.”

मला रडू कोसळलं. मालाला नावं ठेवली म्हणून दुकानदारीण रडते आहे असं त्यांना वाटलं असावं, कारण ते घाईघाईनं “चांगला आहे, चांगला आहे” म्हणायला लागले. मग मी खरं सांगितलं, की मी तुमच्यात माझा नवरा बघायला आले होते. त्यांनी पाईप तोंडातून काढला. म्हणाले, “मग मी नाही... म्हणून वाईट वाटलं?”

मी म्हटलं, “नाही. बरं वाटलं. म्हणूनच रडतेय.”

त्यांनी मान हलवली, जणू ही रोजचीच गोष्ट. पाईप माझ्यापुढे धरला. मी पदरानं नळी पुसली आणि दोन झुरके घेतले, अगदी हळू. जीभ पोळली नाही.

आता तुम्हाला वाटेल, झालं, सुटलो. तसं नाही झालं. परत येताना पुलाजवळ कुठून तरी काळ्या उग्र तंबाखूचा वास आला आणि मी नेहमीसारखी गर्रकन वळले. मागे कुणी नव्हतं. मेलेल्याचं भूत होतं असं म्हणतात. ज्याच्या मरण्याची खबरच आली नाही, त्याचं काय होतं ते कुणी सांगितलेलं नाही. ते आपल्याला दोघींनाच माहीत आहे. तुमच्या जिन्यावर ते चढतं आणि माझ्या पाठीमागून चालतं. ते जाईल असं मी तुम्हाला खोटं लिहिणार नाही. पण एकट्या घरात दिवा मालवून श्वास धरून बसण्यापेक्षा शेजारी कुणीतरी असलेलं बरं. मी जागीच असते.

म्हणून तुम्ही इकडे या. माझी एकच खोली आहे, पण मोठी आहे, आणि तळमजल्यावर आहे. जिना नाही. मालकांना सांगितलं तर ते म्हणाले, सासू-सून एका खोलीत म्हणजे दुकानात भांडणाच्या बातम्या तरी मिळतील.

एकच गोष्ट राहिली. निघताना कुलूप लावाल, किल्ली शिंपीणबाईंना द्याल. कुणी विचारत आलं तर सांगायला त्या माझा पत्ता मागतील. तो द्यायचा की नाही, हे मी तुम्हाला सांगणार नाही. तुमचा तो मुलगा आहे. तुम्ही दिलात तर मी एका शब्दानं बोलणार नाही, आणि नाही दिलात तरी कधी विचारणार नाही. पण मला विचाराल तर देऊ नका.

आता फक्त तुमचीच वाट बघणारी,

तुमची लेक