‘काऊन’वर हसलेली वर्षा

मंगळवार, जानेफळ

डोकं अजून तापलेलंच आहे. कॉलेजच्या ओपन सोर्स शिक्षण-पोर्टलमध्ये आपल्याला हवे ते बदल कसे करायचे, त्याचं आज प्रशिक्षण होतं. पोर्टलला जोडायचा छोटा प्रोग्राम, म्हणजे प्लगइन, ज्यानं त्यानं बनवायचा. मी विचारलं, "सर, माझं हजेरीचं प्लगइन काऊन चालून नाही राह्यलं?" पुण्याच्या सरांनी "काऊऽन?" अशी नक्कल केली. सगळे हसले. हसू देत. पण वर्षा? आमच्याच बुलढाण्याकडच्या उंद्रीची, माझी मैत्रीण, तीसुद्धा?

बसमध्ये विचारलंच, "तू काऊन हसली वं?"

"अगं, तिथं तरी नीट बोलायचं ना."

अगं म्हणे! घरी हिची माय हिले कशी हाक मारते, मले माहीत नाही का?

उठून मागच्या सीटवर बसले. सरांवर चिडले, वर्षावर चिडले. पण वर्गात, सगळे हसत असताना, मी काय म्हणाले? "सॉरी, सर."