सात हिरवे, नऊ लाल

प्रिय आई, आखातातल्या मुसफ्फाहून रोशनचा वाकून नमस्कार.

फोनवर मी लगेच तापतो, म्हणून लिहितोय. तब्येत छान आहे. उन्हाची काळजी नको, कंपनीची गाडी दारात येते. बाबांचा गुडघा कसा आहे?

लॅबमधली नोकरी टिकली. आमच्या झारा मॅडम, मूळच्या रत्नागिरीच्या, जिवाणूंना गणितं घालतात. दोन ते सतरा, प्रत्येक आकड्यासाठी वेगळ्या औषधांचे थेंब. एक आणि तो स्वतः सोडून कशानेच भाग जात नसेल, तर जिवाणू हिरवे चमकतात, नाहीतर लाल. कॉलेज सोडलं आणि जिवाणूंच्या वर्गात शिपाई झालो, हस आता.

आठवडाभर उत्तरच येईना. मॅडमनी विचारलं, "रोशन, उबेच्या कपाटाचं दार किती वेळा उघडतोस?"

"दर अर्ध्या तासाला. बघायला."

"अरे, घरी कधी दही लावलेलं पाहिलंस का?"

तुझा धपाटाच आठवला. विरजणावरचं झाकण काढायचो ना मी. मग काल दाराला हात लावला नाही. आज सात हिरवे, नऊ लाल, सगळं बरोबर. मॅडम म्हणाल्या, "खलास, ठरलं, कपाटाची किल्ली आता तुझ्याकडे."

आता मुख्य गोष्ट. कावेरीच्या वडिलांना मी तोंडावर म्हणालो होतो, तुमची परवानगी कोणाला हवीय. चुकलंच. तू जाऊन माझी माफी सांग आणि कावेरीला मागणी घाल. ती तयार आहे, त्यांना मात्र विचार करायला वेळ दे. महिनाभर मी फोन करून विचारणार नाही.

बरं, पंधरा दिवस.

तुझा, थोडा निवलेला,
रोशन