साहेब येतात तेव्हाची ब्लँकेटं

५ जानेवारी १९५३, सोमवार
बुधवारी अलिबागहून मोठे साहेब दवाखाना तपासायला येणार. ट्रंकेतली तांबडी ब्लँकेटं उन्हात टाकली, डांबरगोळ्या झटकल्या. अजून कोरी आहेत. तपासणीला खाटांवर घालायची, साहेबांची मोटार वळली की परत ट्रंकेत. एरवी पेशंट घरची गोधडी आणतात. डॉक्टर म्हणतात, वापरून फाटली तर साहेबांना दाखवायचं काय? खरं आहे. कोठी माझ्याकडे, जबाबदारी माझी.

७ जाने., बुधवार
साहेब खूश. हिराबाई म्हणून मिठागरावरची म्हातारी आहे, छातीत कफ. तिचं ब्लँकेट चाचपून साहेबांनी विचारलं, ऊब आहे ना? ती म्हणाली, "हाय."
मोटार गेल्यावर गोळा करायला गेलो. सगळ्यांनी दिली. हिराबाई मात्र आपलं अंगाखाली दाबून बसली.
"नाय देनार, भाऊ. ऊब हाय असा मी सायबाला बोलली. आता मना खोटी पारतंस?"
सिस्टर तोंडावर हात धरून, हसू दाबत बाहेर गेल्या. मी रिकाम्या हाताने कोठीत.

८ जाने., गुरुवार
डॉक्टर म्हणाले, एका म्हातारीपुढे चालत नाही तुमचं? पुन्हा गेलो. झोपली होती, खोकला कमी. हलकेच टोक ओढलं. डोळे मिटूनच म्हणाली, "भाऊ, पाय उघडं परलं." मीच झाकले.
शेजारच्या खाटेवर कासमभाई, अंगावर गोणपाट. म्हणे, मला विचारायला साहेब विसरले, नाहीतर मीपण हाच जवाब दिला असता.

१० जाने., शनिवार
साहेबांचा शेरा आला. ब्लँकेटं नव्यासारखी आहेत, सबब आणखी मंजूर करण्याचे कारण नाही. डॉक्टर कपाळाला हात लावून बसले. इतकी जपली, की आता मिळणारच नाहीत.

११ जाने., रविवार
सकाळी देवळात. विठोबाला शाल पांघरलेली. पुजारी म्हणाले, थंडी आहे ना, रोज घालतो. शाल विटलेली, एक कोपरा उंदराने कुरतडलेला. देव काही ओशाळलेला दिसला नाही. बराच वेळ बसलो.

१२ जाने., सोमवार
सकाळीच ट्रंक उघडली. खाटेखाटेवर ब्लँकेटं घातली. कासमभाईंनी कानापर्यंत ओढून घेतलं.
नऊला डॉक्टर आले. दारातच थबकले. हळूच मला म्हणाले, "आज कोण साहेब येणार आहेत?"
म्हटलं, "नक्की कळलं नाही. पण तयारी असावी."
डॉक्टर आत आले. मग हिराबाईची नाडी धरली. संध्याकाळी गोळा करा म्हणाले नाहीत. राहू द्या, असंही नाही.