अनूदचे डोळे

रवि. ५ जाने.
अनूदला आज साच्यावर चढवली. कातडं छान बसलं. मानेपाशी थोडं जास्त होत होतं, ते मागे खांद्यावर सरकवून जिरवलं. साबरी उस्तादांनी हात थरथरायला लागल्यावर काम सोडलं, त्यानंतरचं हे मी एकट्याने भरून उभं केलेलं पहिलं अख्खं हरण. मासे केले, ससाणे केले. पण त्यांच्यासाठी कोणी फोनवर रडलं नव्हतं. तिचा मालक अबू फहद रडला म्हणे. कबदच्या फार्मवर त्याने तिला बाटलीने दूध पाजून वाढवलेली, म्हातारी होऊन गेली. आता सलवा भागातल्या घरी, जिथे रोज त्याची बैठक भरते तिथे ठेवणार.

मुदीर, म्हणजे आमचा मॅनेजर, म्हणाला, "प्रकाश, ये अच्छा हुआ तो उस्ताद का टेबल तुम्हारा. नहीं तो मिसर से नया आदमी लाएगा." माझा अकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, पुढच्या महिन्यात संपतो, हे त्याला पाठ आहे. हसत बोलतो, त्यामुळे भांडताही येत नाही.

सोम. ६
दिवसभर फक्त डोळे. खोबणीत माती, मातीत काचेचा डोळा, वरून पापणी आत दुमडायची. जेवायचं विसरलो. हात आपोआप चालत होता, इतका की मलाच मजा वाटली. वरची पापणी जरा खाली घेतली, मऊपणा आला चेहऱ्याला. संध्याकाळी दारापासून टेबलापर्यंत फेऱ्या मारून बघितलं. जाईन तिथे ती माझ्याकडे बघते. बाहेर अख्ख्या शुवैखचे गॅरेजवाले पत्रे बडवतायत आणि आत ही एवढी शांत.
हीटर लावायचा नाही. कातडं भरभर वाळलं तर ओढलं जाईल. आपण कुडकुडू.

गुरु. ९
अण्णांना फोटो पाठवला होता. आज पेणहून फोन. "डोळे उतरलेत रे! कुठनं पण बघा, आपल्याकडंच बघतेय." चाळिशी उलटली माझी, बापाच्या तोंडून कौतुक आज ऐकलं. लहानपणी माझ्या हातचा गणपती बघून नुसतं 'हं' म्हणायचे आणि ब्रश काढून घ्यायचे.
मुदीरने तोच फोटो अबू फहदला पाठवला. त्याचा व्हॉइस मेसेज आला, माशाल्ला, माशाल्ला, ती माझ्याकडे बघतेय. मुदीर दिवसभर सगळ्यांना तो ऐकवत होता. मीही चार वेळा ऐकला, खोटं कशाला बोलू.

गुरु. १६
उस्ताद चहाला आले. मीच म्हटलं, बघा.
त्यांची पद्धत जुनी. आधी तोंडावर टॉवेल टाकला. म्हणतात चेहरा दिसला की माणूस बाकीचं बघत नाही. पाय, पोट, मांडीच्या आतली शिवण नखाने चाचपली. केसांची दिशा हाताने उलटसुलट. कान मुळापासून. मग पाठ करून उभे राहिले आणि हातातल्या आरशात सगळं उलटं बघितलं. वाकडं काही असलं तर आरशात लगेच बोचतं. "जैन, जैन," म्हणाले, म्हणजे छान. मी मनात सातवा मजला गाठला होता.
मग टॉवेल काढला. उरलेला चहा संपवला.
"प्रकाश, ये मेरे को देखता है."
मी म्हटलं, हो ना!
"हिरन दो आँख से सामने नहीं देखता. शेर देखता है. हिरन बाजू से देखता है, कौन खाने को आया." मग जवळ जाऊन, "और आँख आधा बंद. ये बीमार है, या वली है?" वली म्हणजे संत.
मला राग आला. म्हटलं, कस्टमर खूश आहे.
"कस्टमर फोटो से खूश है," म्हणाले आणि काठी उचलून गेले.

शुक्र. १७
सुट्टी. खोलीवर पडून होतो. भातही रूममेटनेच लावला.
मोबाइलवर हरणांचे व्हिडिओ बघत बसलो. डोळे पार कडेला. बाहुली आडवी, जमिनीला समांतर. मान खाली घातली तरी आडवीच. आणि पापणी अशी झुकलेली एकीचीही नाही. सगळ्या टक्क जाग्या.
मग डोक्यात प्रकाश पडला. मी अनूदला गणपतीचे डोळे दिलेत. भक्त समोर उभा राहतो म्हणून नजर समोर आणायची, कृपा दिसावी म्हणून पापणी अर्धी खाली. अण्णांच्या शेडमध्ये हेच तर शिकलो. हातालाच सवय, त्याने विचारलंही नाही समोर कोण आहे. म्हणून अण्णांना आवडली!
आधी हसू आलं. नंतर फार वाईट वाटलं. एक कौतुक मिळालं होतं, तेही गणपतीचंच निघालं.

शनि. १८
मुदीरला सांगितलं, डोळे परत बसवतो. त्याला वाटलं मी थट्टा करतोय.
"कस्टमर खूश, मैं खूश, तुम को क्या तकलीफ?" मग पापणीला बोट लावून बघितलं, सुकत आली आहे. "ये फटा तो खलास. तुम घर जाओ."
त्याचंही चूक नाही. हात लावला नाही तर टेबल माझं, अकामा माझा. कोणाला कळतंय?
पण अबू फहदला? त्याने तिला रोज बघितलंय. फोटोत एक दिवस बघून खूश होईल. बैठकीत रोज समोर आल्यावर कधीतरी त्याला वाटेल, हे काय, ही कोण. कळेल की नाही कळणार? मलाच माहीत नाही. हेच डोक्यात फिरतंय.

मंगळ. २१
मुदीर मालासाठी बाहेर गेला आणि मी ओला कापूस ठेवला पापण्यांवर. काय व्हायचं ते होऊ दे.
डावी पापणी नरम होऊन अलगद सुटली. उजवी कोपऱ्याशी फाटली. केसाएवढ्या दोऱ्याने टाका घेतला, वर मेण. दोन्ही डोळे कडेला वळवले, बाहुल्या आडव्या केल्या, पापण्या पूर्ण उघड्या.
आता समोरून बघितलं तर ती माझ्याकडे बघतच नाही. साधं हरण. कुठल्याही फार्मवर उभं असतं तसं. चांगलं झालंय हे कळत होतं आणि तरी आवडत नव्हतं. कुणीतरी रुसून मान वळवल्यासारखं वाटत राहिलं.
मुदीर आल्यावर वाकून टाका बघून गेला. नवीन फोटो मात्र त्याने कुणाला पाठवला नाही. मीही अण्णांना नाही पाठवला.

गुरु. ३०
अबू फहद आला. बरोबर ड्रायव्हर. वाटला होता त्यापेक्षा खूपच म्हातारा. मुदीरने स्वतः खुर्ची आणून तिच्या बरोब्बर समोर ठेवली.
बसला. बराच वेळ बघत होता. "अनूद," म्हणाला. मग खिशातून मोबाइल काढला, फोटो बघितला, तिच्याकडे बघितलं, परत फोटो. "फोटो जैसा नहीं है," मुदीरला म्हणाला. मुदीरने माझ्याकडे बघितलं. सांगावंसं वाटलं, बाबा, तो फोटो चुकलेला होता.
म्हातारा उठला. वाटलं, चालला. ड्रायव्हर पुढे झाला, त्याला हाताने बाजूला केलं. खुर्चीची पाठ धरली आणि फरशीवर खरडत स्वतःच ओढत नेली तिच्या डाव्या अंगाला, खांद्याच्या जरा मागे. तिच्या नजरेत येईल असा तिथे बसला. आणि बोलायला लागला. हळू, अरबीत. मला एखाददुसरा शब्द कळतो, खजूर, पाणी, थंडी. तिच्या त्या एका डोळ्याकडे बघत बोलतोय.
पसंत आहे की नाही, काही म्हणाला नाही. टेबलाचं मुदीरने अजून सांगितलेलं नाही. पॅक करू का, म्हणून त्याने दोनदा विचारलं. म्हातारा मान न वळवता हात हलवतो, थांब म्हणून.